सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही

सातारा, शुक्रवार संध्याकाळ

मिरजेच्या एका दवाखान्याच्या व्यसनमुक्ती मासिकाला संपादक म्हणून मी जवळजवळ पसंत आहे. ही बातमी शेजारच्या तात्यांनी दिली. चौकशीचा फोन त्यांनाच आला. अर्जात ओळखीचे म्हणून मीच त्यांचा नंबर दिला होता, त्यांना सांगायचं तेवढं राहिलं.

आमच्या पेपरची सातारा आवृत्ती बंद झाल्यापासून, सत्तावन्नाव्या वर्षी, अर्ज करत फिरतोय. पहिल्यांदाच कुणी चौकशी केली, तर तात्यांना वाटलं, माझ्या मुलाला, निखिलला, स्थळ आलं.

"म्हनलं, पोरगं लय गुणी. सुपारीच्या खांडाचंबी व्यसन न्हाई. फोनवाला लय खूश."

खूश होणारच. आणि मी? सुपारी कातरल्याशिवाय आजवर एक मथळा दिलेला नाही. 'पोरगं' ऐकूनही फोनवाल्याला शंका कशी आली नाही?

"अहो तात्या, चौकशी माझ्या नोकरीची होती."

तात्यांनी हात पुढे केला. "मग सोड की सुपारी. मी शबुद दिलाय."

फोन करून खरं सांगावं का? पण नोकरी हवी आहे. घरी बसून बायकोच्या भाज्यांना मथळे द्यायला लागलोय, आणि तिला ते आवडत नाहीत.

शेवटी अडकित्ता तात्यांच्या हवाली केला. सोमवारी मुलाखत. तात्याही येणार आहेत, बोलणी करायला वडीलधारं माणूस लागतं म्हणे. कराड यायच्या आत मी अडकित्ता मागणार, हे नक्की. तात्या देतात की नाही, त्यावर नोकरी आहे.