लॉकरमध्ये आलेली टोपी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. बेलापूर

आले एकदाची. अण्णा सोडायला आले होते. नगरच्या अकोल्याहून संगमनेर, तिथून श्रीरामपूर, मग रिक्षा. एवढ्या प्रवासात त्यांनी मला रस्त्यावरची एकेक पाटी वाचायला लावली. स्वतः शाळेची पायरी चढलेले नाहीत, म्हणून माझ्याकडून वाचून घेतात आणि शेजारच्याला ऐकवतात. एसटीत एका म्हाताऱ्याला सांगून झालं की ही आमची म्याडम, पंधरावी झाली, आता जपानशी यवहार करनार हाय. म्हातारा म्हणाला, मग तिकडंच जायचं ना, बेलापूरला कशाला? अण्णा म्हणाले, तिनं कशाला जायचं, जपान हिच्याकडं येतं.

नोकरी हर्षल सरांकडे. जपानी दुकानांतून वापरलेल्या वस्तू ऑनलाइन घ्यायच्या आणि पुण्या-मुंबईच्या हौशी लोकांना विकायच्या: जुने कॅमेरे, मासेमारीची रिळं, चिनी मातीची भांडी. गोदाम म्हणजे जुनी गुळाची वखार. पॅकिंगला सुमनमावशी आहेत. त्यांच्याच घरामागची खोली मला मिळाली. निघताना अण्णा सरांना म्हणाले, "पोरगी खोटं बोलत न्हाई, येवढाच तिचा तरास हाय." सर हसले. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

खिडकीतून पेरूची बाग दिसते. मन लावून काम करायचं ठरवलं आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार

काम समजलं. तिकडची बरीच दुकानं भारतात माल पाठवत नाहीत. म्हणून मध्ये एक कंपनी असते. ती आपल्याला तिच्या तिकडच्या गोदामाचा पत्ता देते आणि एक लॉकर देते. दुकानाला वाटतं, आपण तिथंच राहतो. पार्सल पोचलं की गोदामातले लोक त्याचा फोटो काढतात, वजन करतात आणि वेबसाइटवरच्या आपल्या पानावर टाकतात. चार-सहा पार्सलं जमली की सगळी एका खोक्यात बांधून इकडे पाठवायची. पान जपानी भाषेत असतं. मोबाईल त्याचं मराठी करून देतो, वेडंवाकडं, पण कळतं. फोटो सगळे सारखेच: राखाडी टेबल, शेजारी मोजपट्टी, वरून पांढरा उजेड. इतकं स्वच्छ टेबल मी कुठल्याच ऑफिसात पाहिलेलं नाही.

मावशींना हे सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, पत्ता तिकडं आन् आपन इकडं, मग दार वाजलं तर उघडायचं कुनी?

२ सप्टेंबर, मंगळवार

एका म्हाताऱ्याच्या घरातलं सगळं सामान सरांनी एकगठ्ठा घेतलं होतं, ते आज आलं. तिकडे एकटा माणूस गेला आणि मागे कोणी नसलं की घर असं रिकामं करून विकतात म्हणे. दुकानदाराने लिहिलं होतं: वृद्ध पुरुष, वारस नाही. किटली, रेडिओ, मासा रंगवलेलं भाताचं वाडगं, आणि बसायची एक चपटी गादी, तिच्यावर गुडघ्यांचे दोन खळगे पडलेले. सोबत घराचे फोटोही होते. दारात चपलांचा एकच जोड, टाचा घराकडे, बोटं रस्त्याकडे, जणू कोणी आत्ता निघणार.

मी वाडगं पुसलं तेव्हा तळाला एक शीत चिकटलेलं होतं. वाईट वाटलं. माणूस जेवून उठला आणि भांडं थेट बेलापूरला आलं.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री

घरी जाता आलं नाही. मावशींकडे पितरांचा स्वयंपाक होता: कढी, खीर, वडे, गवार. मी विचारलं, ज्याचं सामान गोदामात आलं त्या जपानी म्हाताऱ्याला कोण पान वाढणार? त्या म्हणाल्या, तिकडं काय करत्यात ते करतील, तू नको त्याच्या वाटंला जाऊ. मला पटलं नाही. ज्याचं कोणी नाही त्यालाही आज घास देतात. आणि मुलीनं दिला तर काय बिघडतं?

त्याच्याच वाडग्यात भात घातला, बाकीचं पत्रावळीवर, आणि शिडी लावून पत्र्यावर ठेवलं. मावशी खालून म्हणाल्या, कुनाच्या नावानं ठिवती ते तरी म्हन. नाव मला माहीत नव्हतं. मी हात जोडून म्हणाले, मला तुमची मुलगी समजा आणि जेवा.

मावशींच्या पानाला बराच वेळ कावळा शिवेना. त्यांच्या सासऱ्यांना जिलेबी हवी असणार म्हणून शेवटी ती आणवली. माझ्या वाडग्यावर मात्र मी शिडी उतरायच्या आत कावळा बसला. त्यानं फक्त पांढरा भात खाल्ला. पत्रावळीकडे पाहिलंही नाही.

आज झोप छान लागेल.

२५ सप्टेंबर, गुरुवार

लॉकरमध्ये एक पार्सल आलं आहे. आम्ही मागवलेलं नाही. पाठवणाऱ्याचं नाव कोरं. फोटोत खोकं नाही, राखाडी टेबलावर नुसती पांढरी टोपी, उलटी ठेवलेली, आपल्याकडे घालतात तशी. हर्षल सर म्हणाले, जपान्यांनी सरपंचकी लढवायची ठरवली वाटतं; दुसऱ्या कोणाचा माल आपल्यात पडला असेल, राहू दे.

मी फोटो मोठा करून पाहिला. टोपीच्या आतल्या पट्टीला लाल दोऱ्याची शिवण आहे. पांढरा दोरा संपला म्हणून आईनं अशीच लाल दोऱ्यानं अण्णांची टोपी शिवली होती.

फोन केला. आई म्हणाली, सर्वपित्रीपासून ह्यांची टोपी सापडंना, कालवडीनं खाल्ली आसंल.

टोप्या सगळ्या सारख्याच असतात.

३० सप्टेंबर, मंगळवार

आज लॉकरमध्ये तंबाखूची चंची. पितळी चुन्याची डबी तिच्याच दोरीला बांधलेली. अण्णांची डबी एका बाजूनं चेपलेली आहे, बैलाच्या खुराखाली आली होती. फोटोतलीही चेपलेली आहे.

आई फोनवर खूश होती. म्हणाली, तंबाखू सुटली बाई ह्यांची, देवानं ऐकलं माझं. पहाटं उठत्यात, गोधडीची घडी घालत्यात. ठेचा नको, भाकर नको, निस्ता भात. गुडघं मोडून भितीकडं तोंड करून बसत्यात, ध्यान लावल्यावानी. आन् चपला बघ, सरळ लावून ठिवत्यात, बोटं भायेर करून.

अण्णांना फोन द्यायला सांगितलं. जे माणूस फोनवर आधी अर्धा तास माझी थट्टा करतं, ते नुसतं "हं" म्हणालं. मग श्वास. मग कोणीतरी फोन अगदी हळू खाली ठेवला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. घरी

अण्णांना सोनं दिलं. आपट्याची पानं त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि कमरेत वाकले. पाहुण्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. आई हसून म्हणाली, बघ कसे मानानं वागाया लागलेत, पोरगी कमावती झाली ना.

जेवताना त्यांनी भाताची वाटी उचलून तोंडाला लावली. अण्णा असं कधी जेवत नाहीत. मी समोर बसले होते. ताट बाजूला सारलं.

दुपारी आई शेळ्यांकडे गेली होती. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी जवळून जाताना त्यांनी एकदम माझं मनगट धरलं. डोळे अण्णांचे होते. घाबरलेले. हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, मला घरी ने."

मी म्हणाले, अण्णा, आपण घरीच आहोत.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. म्हणाले, लई थंडी हाय इथं. आन् उजेड इझतच न्हाई.

मग मनगट सुटलं. ते पुन्हा वाकून, सावकाश, भिंतीकडे वळले.

७ ऑक्टोबर, मंगळवार. बेलापूर

टोपी आणि चंची मी दसऱ्याला घरी निघायच्या आधीच बाकीच्या मालासोबत एका खोक्यात मागवली होती. खोकं आज आलं. कॅमेरे आले, रिळं आली. टोपी नाही. खोक्यात पॅकिंगच्या कागदाला टोपीच्या आकाराचा खड्डा आहे, चंचीच्या आकाराचा खड्डा आहे. आत काही नाही.

पान उघडलं. टोपी अजून टेबलावर. चंची टेबलावर. आणि नवीन: अण्णांच्या टायरच्या तळाच्या चपला.

हर्षल सरांना सांगितलं. ते आधी हसले, मग माझा चेहरा बघून थांबले. दोन दिवस सुट्टी घे म्हणाले, जागरण झालेलं दिसतंय.

मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली टेप खाली ठेवली. म्हणाल्या, पान आपल्या मानसाला वाढत्यात. तू त्याला बाप म्हनलीस, त्यानं घास घेतला. आता घरात बापाची जागा येकच. जो आधीपासून बसलाय त्याला तो उठवतोय.

मी विचारलं, आता काय करू? त्यांनी आधी वखारीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, तोंडानं जोडलंस, तोंडानंच तोड. समोर जाऊन सांग, तू माझा कोनी न्हाईस, जा. पन मला बी ठाव न्हाई गं. आमी असं कधी केलं न्हाई.

१२ ऑक्टोबर, रविवार. घरी

सांगितलं.

सकाळी तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी मध्ये जाऊन उभी राहिले. म्हणाले, तुम्ही माझे कोणी नाही. मी चुकून बोलले. ही जागा तुमची नाही. जा इथून.

त्यानं मान वर केली.

डोळे अण्णांचे होते. नेमके तेव्हा — अण्णांचे. पाणी भरलं त्यांत. म्हणाले, "काय चुकलं माझं, बाई?"

मी नाही, नाही म्हणत खाली बसले, हात धरला. पण त्यांनी तो सोडवून घेतला. म्हणाले, शिकल्याली हायेस, म्हनती तर खरंच आसंल. आणि उठून अनवाणी बाहेर गेले. भाताच्या बांधावरून. मी मागे धावले. बांधावर उभे होते, पाठ माझ्याकडे. मी अण्णा, अण्णा म्हणून हाका मारल्या.

वळले ते अण्णा नव्हते.

कमरेत वाकले. हसले.

मी कुणाला हाकललं —

१३ ऑक्टोबर, सोमवार

आईला कळत नाही. म्हणते, किती शांत झालेत. आज त्यांनी अंगण झाडलं, पाणी भरलं. आईला दोन्ही हातांनी चहा दिला. आई लाजली. सत्तावीस वर्षांत कोणी तिला चहा दिला नव्हता.

मी तिला सांगू कसं.

तो माझ्याकडे बघतो. रागानं नाही. प्रेमानं. तेच सहन होत नाही.

घरात फोन लागतो तेवढाच, नेट चालत नाही. उद्या टेकाडावर जाऊन लॉकर बघते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळ

टेकाडावर क्षणभर नेटवर्क आलं. पान उघडलं. मोबाईलनं मराठी केलं.

नवीन पार्सल. माणसाच्या उंचीचं खोकं, टेबलावर मावत नाही, जमिनीवर ठेवलंय. पाठवणाऱ्याचं नाव या वेळी कोरं नाही. वृषाली रंभाजी वाकचौरे. मी.

खाली गोदामवाल्यांचा निरोप. फार नम्र. ग्राहकाची क्षमा मागतो. आपल्या पार्सलमधून आतून ठोकल्याचा आवाज येत आहे. आपल्या परवानगीशिवाय आम्ही उघडू शकत नाही. कृपया तीनपैकी एक निवडा. उघडणे. पाठवणाऱ्याकडे परत करणे. नष्ट करणे. आज गोदाम बंद होईपर्यंत उत्तर न आल्यास नष्ट करण्यात येईल.

पाठवणारी मी आहे. परत म्हणजे माझ्याकडे. अण्णा माझ्याकडे.

बटण दाबायच्या आत नेटवर्क गेलं.

दुपार. टेकाडावरच

तिकडची संध्याकाळ इकडे दुपारीच होते. वेळ थोडा आहे. फोन दगडावर ठेवलाय. लिहिते आहे, नाहीतर किंचाळेन.

पान उघडतंय. अर्धं. फोटो नाही. बटणं आली —

जपानीत आहेत. मराठी होत नाहीये. नेटवर्क पुरत नाही. तीन बटणं, तीन ओळी चित्रांसारख्या अक्षरांच्या. सकाळी मी तीन नावं आठवतील तशी लिहिली, बटणांचा क्रम आठवत नाही. उघडणे आधी होतं की परत — मी पाहिलंच नाही नीट —

पंधरावी झालेली मी. एक शब्द वाचता येत नाही.

खालून कोणीतरी येतंय. सावकाश, वाटेतला एकेक दगड बाजूला ठेवत.

तो आला. शेजारी बसला, गुडघे मोडून. अण्णांचे हात मांडीवर. फोनकडे पाहिलं. ओठ हलले. तो वाचतोय. अण्णांच्या डोळ्यांनी वाचतोय, ओळीवरून ओळ.

मी हात जोडले. म्हणाले, माझा बाप आहे हो तिथं.

त्याला कळलं असावं. डोळे भरले त्याचे. की माझ्यासाठी भरले, की स्वतःसाठी —

नेटवर्क जातंय. सिग्नलची एकच कांडी.

त्यानं बोट पुढे केलं. मधल्या बटणावर धरलं, टेकवलं नाही. माझ्याकडे बघून मान हलवतोय. दाब, म्हणतोय. हसतोय. अण्णांचंच हसू. मी त्याच्यावर विश्वास ठेवू की

कांडी गेली — नाही, आहे — मी दाबते, मी मधलं