अर्धी केबिन आणि सरता पाडवा

बालाघाट,
कार्तिक वद्य षष्ठी, सन १९६७, दुपार

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी,

भाचा नंदकिशोर याचा दंडवत. (दंडवत कागदावरच स्वीकारावा. मान सध्या डावीकडे वाकते, पुढे वाकत नाही. कारण पुढे येईल.) आपली आणि मामींची प्रकृती कशी आहे? आपला दमा, मामींचा गुडघा आणि मामींचा राग ही तिन्ही दिवाळीनंतर उतरली असतील अशी आशा करतो. (हे वाक्य मोठ्याने वाचू नये.) इकडे आई बरी आहे. बाबाही बरे असावेत; ते माझ्याशी बोलत नसल्यामुळे खात्रीने लिहिता येत नाही.

मामा, माझं आयुष्य कोणत्या क्षणी बदललं ते मी नेमकं सांगू शकतो. भाऊबीजेच्या दिवशी, आमच्या अंगणात, सगळ्या आळीसमोर माझा उजवा हात मला न विचारता माझ्या खिशात गेला, त्या क्षणी. त्या हाताचं काय करायचं हे मी अजून ठरवलेलं नाही. तूर्त त्याच्याकडून हे पत्र लिहवून घेतो आहे. पण असं मधूनच सांगितलं तर आपल्याला काही उमगायचं नाही, म्हणून मुळापासून सांगतो. मूळ आपणच आहात.

लाकडाची ठेकेदारी सोडून आपण भंडाऱ्याला राहायला गेलात तेव्हा आपली जुनी लष्करी जीप आमच्या चिंचेखाली उभी केलीत, ‘नंदू, ही आता तुझी’ म्हणालात आणि गोंदियाची गाडी पकडलीत. पुढे कित्येक महिने त्या जीपमध्ये शेजारच्या गोदाबाईंच्या कोंबड्या अंडी घालत होत्या. (अंडी कोणाची यावरून आईचं आणि त्यांचं मोठं भांडण झालं. आम्ही अंडी खात नाही, पण हक्क तो हक्क.) याच सुमारास मी नागपूरचं कॉलेज सोडून घरी आलो. बाबांनी आपल्याला काय लिहिलं असेल ते देव जाणे. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांशी माझा तात्त्विक मतभेद झाला, मी परीक्षानळी टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो, हे खरं. त्याच आठवड्यात वडनेरकरांनी त्यांच्या मुलीचं, मीनाक्षीचं, नागपूरचं शिक्षण थांबवून तिला बालाघाटला परत आणलं, हेही खरं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. (मामी म्हणतील, आहे. मामींना विचारू नये.)

वडनेरकर आपल्या आठवणीत असतील. जंगल खात्यात हेडक्लार्क, जाड चष्मा, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस धोतरात सागवान लपवून नेतो आहे अशी नजर. आमच्या दारापासून जो उतार सुरू होतो तो त्यांच्या फाटकाशी संपतो. त्या फाटकासमोर माझ्या सायकलची चेन रोज पडायची. (मीच पाडायचो.) एकदा मी अशीच चेन बसवत होतो, बाबाही तिथून चालले होते, तर वडनेरकरांनी फाटकावर हात ठेवून विचारलं, “काय हो पेशकारसाहेब, मुलगा हल्ली काय करून राहिला?” बाबांनी छत्री उघडली आणि एक शब्द न बोलता घरी आले. पाऊस नव्हता, मामा. ऊनही नव्हतं.

माझं डोकं कसं आहे ते आपण जाणता. त्याच संध्याकाळी मी जीपमधून कोंबड्या हाकलल्या. ठरवलं, हिचा मागचा भाग कापायचा. पुढे दोनच जागा ठेवायच्या, एक चालवणाऱ्याची आणि एक शेजारची. त्यांच्यावर छप्पर, पाठीमागे भिंत, अशी अर्धी केबिन करायची आणि मागे सगळा उघडा, सपाट डाला. डाल्यात खैरलांजीचं धान, लांजीचा मोह, जे मिळेल ते वाहायचं. मुलगा काय करतो? मुलगा वाहतूक करतो! शेजारच्या जागेवर कोण बसणार हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नाही. (सगळ्यांना ठाऊक होतं.)

काम पुनाराम मिस्त्रीला दिलं. पुनाराम बैलबंड्या बनवतो. मी शंका काढली तर मला म्हणतो, “काहून घाबरता भैय्या? बंडी काय न् जीप काय, एकच गोष्ट हाय. हिचे बैल आतमंदी जुपले हायेत, बस!” पुनारामचा टेपवर विश्वास नाही. केबिनची उंची त्याने स्वतः आत बसून ठरवली. आता पुनाराम उभा राहिला की माझ्या खिशापर्यंत येतो. परिणाम असा की केबिन त्याला फेट्यासकट होते आणि मला मान खांद्यावर टाकून गाडी हाकावी लागते. त्याचा एक फायदा झाला. गावातली वडीलधारी मंडळी म्हणू लागली आहेत की पेशकारांचा नंदू सुधारला, मान खाली घालून जातो. बाविसाव्या वर्षापर्यंत संस्कारांनी जे झालं नाही ते पत्र्याने केलं.

पत्र्याचीही कथाच आहे. मागच्या भिंतीसाठी पुनारामने यंदाच्या निवडणुकीत पडलेल्या एका उमेदवाराचा फलक कुठूनसा पैदा केला आणि अक्षरांची बाजू बाहेर ठेवून ठोकला. उमेदवाराचं नाव कापण्यात गेलं आणि ‘यांनाच प्रचंड बहुमताने’ एवढं उरलं. हल्ली मी बाजारातून गेलो की लोक मागून हात जोडतात. परवा वारासिवनीच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याने गाडी थांबवून विहिरीचा अर्ज माझ्या हातात दिला. मी म्हटलं, बाबाजी, मी निवडून आलेलो नाही. तो म्हणाला, “जो आला तो त येतच नाही ना भाऊ. तू आला तं तूच घे.”

मग प्रश्न आला डाल्याच्या फळ्यांचा. ज्या जिल्ह्यातलं सागवान मालगाड्या भरभरून बाहेर जातं, त्या जिल्ह्यात सरळ माणसाला चार फळ्या मिळत नाहीत. परवानगीच्या कागदावर सही लागते आणि तो कागद फिरून फिरून वडनेरकरांच्याच टेबलावर येतो. मामा, त्या माणसाकडे मी आयुष्यात एकच गोष्ट मागू शकत होतो. ती संधी फळ्यांवर खर्च करायला माझं मन धजेना. तेव्हा बाबा पेन्शन आणायला गेले असताना मी त्यांचा दुपारी झोपायचा सागवानी तखत पुनारामच्या बंडीत घालून पाठवला. तखत डाल्यात असा चपखल बसला की पाय तेवढे कापावे लागले. (आपण म्हणाल, बापाचा तखत! पण हा तखत आपल्याच ठेकेदारीतल्या लाकडाचा, म्हणजे आपल्या जीपवर आपलंच लाकूड चढलं. यात माझा दोष मला तरी दिसत नाही.) बाबांनी रिकाम्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं बंद केलं. गाडी घरी आली त्या दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी उशी काखेत मारली, अंगणात गेले, डाल्याचा मागचा फाळका पाडून वर चढले आणि झोपले. आता रोजचा हाच नेम आहे. चार वाजेपर्यंत नंदकिशोर ट्रान्सपोर्ट बंद असते. एकदा घाईत मी त्यांना न बघता निघालो, तर जंगल खात्याच्या गर्रा चौकीपर्यंत ते धानाच्या पोत्यांवर पाय ठेवून झोपून आले. चौकीवाल्याने विचारलं, “ये क्या माल है?” मी म्हटलं, घरगुती.

आता मूळ मुद्दा. गाडीचं उद्घाटन पाडव्याला करायचं ठरलं होतं. साडेतीन मुहूर्तांतला तो अर्धा मुहूर्त, आणि केबिनही अर्धी. योग उत्तम होता. गाडीची पूजा शेजारच्या कुमारिकेच्या हातून व्हावी असं आईने ठरवलं. (मी सुचवलं.) म्हणून मीनाक्षीला ताट घेऊन बोलावलं. पाडव्याला कोण कोणाला ओवाळते हे मला माहीत होतं. तेच आळीतल्या लोकांच्याही ध्यानात यावं, इतकीच माझी इच्छा होती. पण पाडव्याच्या दिवशी रंग ओला निघाला. पुनाराम म्हणाला, उद्या सकाळी हमखास. उद्या म्हणजे भाऊबीज, हे माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात तेव्हा फक्त कार्बोरेटर होता.

सकाळी सगळी आळी आमच्या अंगणात आणि मी पुनारामच्या भट्टीपाशी. गाडी चालू होईना. पुनाराम म्हणाला, “ढकलत नेऊ ना भैय्या, दोन फर्लांगाचं काम. पूजेले इंजिन थोडीच लागते?” मी भडकलो. म्हटलं, माझी गाडी लोकांसमोर ढकलत जाणार नाही, गरजत जाईल! मग मी हँडल मारलं, पुनारामने मारलं, मग पुन्हा मी. उन्हाचा चटका बसायला लागला तेव्हा ती गरजली, आमच्या फाटकापर्यंत आली आणि फाटकात बंद पडली. शेवटी अंगणात ढकलतच आली, मामा. फक्त उशिरा.

मीनाक्षीने गाडीला कुंकू लावलं, नारळ फुटला. इथे संपायला हवं होतं. पण गोदाबाई (याच त्या कोंबड्यांच्या) कमरेवर हात ठेवून ओरडल्या, “अवो माय, आज तं भाऊबीज हाय! पोरीले भाऊ नाही, पोराले बहीण नाही. ओवाळ ना व त्याले, पाहून काय राह्यली?” मीनाक्षीने माझ्याकडे डोळे रोखून पाहिलं. तो मला अनुराग वाटला. तिने ओवाळलं. आणि ताट खाली आलं तसा माझा हात खिशात गेला आणि ताटात रुपया पडला. लहानपणापासून चुलत बहिणींपुढे भाऊबीजेला हेच करत आलो. हाताला तेवढंच शिक्षण आहे आणि त्याने ते अर्धवट सोडलेलं नाही. गोदाबाईंनी टाळी वाजवली, “झालं! लागला भाऊ!”

त्या दिवसापासून वडनेरकरांची नजरच पालटली. ज्या फाटकासमोर मी चेन पाडत होतो, त्या घरात आता मला थेट स्वयंपाकघरात पाटावर बसवून पोहे देतात. ‘आमचा नंदू’ म्हणतात. गिरणीतून दळण आणायला सांगतात. आणि येत्या रविवारी तिरोडीहून, मँगनीजच्या खाणीच्या कचेरीतला एक मुलगा मीनाक्षीला बघायला येतो आहे. त्या पाहुण्यांना स्टेशनवरून माझ्याच गाडीतून आणायचं असं वडनेरकरांनी ठरवलं आहे. मुलगा केबिनमध्ये माझ्या शेजारी आणि त्याचे आईवडील डाल्यावर, बाबांच्या तखतावर. शेजारची जागा मी कोणासाठी ठेवली होती आणि तीत कोण बसणार! वर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “आमच्याकडे मुलीला भाऊ नाही याची काळजी होती. आता लग्नात नवरदेवाचा कान पिळायला तू आहेसच.” मामा, तो कान माझ्या हातात आला तर तो तिरोडीला परत जाणार नाही, हे मी आपल्याला आत्ताच लिहून ठेवतो.

असो. मामींना नमस्कार. चि. विमलला आशीर्वाद. उत्तराची वाट पाहतो.

आपला आज्ञाधारक (सध्या सगळ्या आळीचाच),
नंदकिशोर

ता. क. हे सगळं लिहायचं कारण राहूनच गेलं. आपण पंचांग बघता म्हणून विचारतो. कॅलेंडरात भाऊबीज असली तरी त्या दिवशी सकाळी काही वेळ पाडव्याचीच तिथी होती असं आई म्हणते. ती नक्की किती वाजता संपली? मला ओवाळलं तेव्हा ती चालू असेल, तर मला बहीण मिळालेली नाही, उलट... पुढचं आपण समजता. कृपा करून आपल्या अक्षरात, शास्त्राधारासह, रविवारच्या आत वडनेरकरांना कळवावं. तिथी संपली असेल तर पंचांगात छपाईची चूक आहे असं कळवावं.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात मीनाक्षी फराळाचा डबा परत करायला मागच्या दाराने आली. आई देवळात गेली आहे. मी तिला म्हटलं, मी मामांना तिथी विचारतो आहे. ती म्हणाली, “त्यांना कशाला त्रास? मी पाहिली होती. घरून निघायच्या आधीच.” मी विचारलं, मग? तर मामा, ती अशी चिडली की डबा हातातून सुटला. म्हणाली, “मग काय! पाडवा होता तोपर्यंत मी ताट घेऊन तुमच्या अंगणात उभी होती. निरांजनात दोनदा तूप घातलं. आणि तुम्ही तिकडे हँडल मारून राहिले होते! ढकलत आणली असती तं काय नाक कापलं असतं?” ती खाली बसून डब्याचं झाकण शोधता शोधता म्हणाली, “आणि तुमचा रुपया मी ठेवला नाही. तिथल्या तिथे पुनारामला देऊन टाकला. तो बिचारा दमला होता.” जाताना दाराशी थांबून एवढंच म्हणाली, “रविवारी ते लोक येऊन राहिले. तुमचे बाबा त्याच्या आधी माझ्या बाबांना काही विचारतील, का नुसते झोपूनच राहतील?”

ता. क. शेवटचा. मामा, पंचांग बघू नका. मागणी घालायला वडील लागतात. वडील अंगणात डाल्यावर आहेत, नुकतेच घोरायला लागले आहेत. वडनेरकर आज सुट्टीवर, फाटकाशी आरामखुर्ची टाकून बसले आहेत, हे मी खिडकीतून पाहून आलो. उतार इथून थेट त्यांच्यापर्यंत आहे, इंजिन लागणार नाही. ब्रेक सोडतो आणि ढकलतो. हौ, ढकलतोच. गोदाबाई बघत असल्या तरी ढकलतो. बाबा जागे होतील तेव्हा समोर वडनेरकर असतील आणि पेशकारसाहेबांना काहीतरी बोलावंच लागेल. छत्री मी माळ्यावर टाकली आहे.

पत्र वाटेतल्या पेटीत टाकतो. निघालो. दार हळूच ओढून घेतो. कडी वाजली तर बाबा आत्ताच उठतील.