पाइपची की कागदाची

५ मार्च, मंगळवार
पुन्हा तेच! तंबाखूच्या कारखान्याचा मॅनेजर सकाळीच करखात्यात माझ्या टेबलासमोर येऊन बसला. "मॅडम, पाकिटावर पाइपचं चित्र आहे की." गाढवाच्या पाठीवर 'घोडा' लिहिलं तर शर्यतीत घेतील का? पण तोंडावर बोलता येत नाही. तंबाखू पाइपची ठरली तर कर आतासारखाच नाममात्र. कागदात वळून ओढायची ठरली तर सहापट, आणि दुकानातला भावही तसाच चढणार. ठरवायचं मी! दोन्हींची पानं तीच, फरक म्हटला तर पान चिरण्याचा, तोही केसाएवढा. नियम म्हणतो, गिऱ्हाईक ती कशी ओढतं ते बघा.

६ मार्च
सगळ्या विभागात ओढणारं एकही माणूस नाही. मोठ्या मॅडम म्हणतात, परवापर्यंत निकाल हवा. जेवणात लक्ष नव्हतं.

७ मार्च
नमुन्याचं पाकीट घरी आणलं. असं करायचं नसतं, ठाऊक आहे. पण नवऱ्यानं वीस वर्षं ओढली— पाइप, कागद, सगळंच. छातीचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता एक झुरकासुद्धा नाही." वर्ष होत आलं सोडून. सिगारेटींवर कर वाढला तेव्हा म्हणाला होता, "परवडतच नाही, तुमच्या खात्यानं वाचवलं बघ मला." केवढा अभिमान वाटला होता मला! आजही वाटतो.

म्हटलं, नुसता वास घे. त्यानं चिमूट बोटांत चोळली, हुंगली आणि लगेच म्हणाला, "पाइपचीच आहे ही. कागदात धड जळायची नाही." इतक्या झटक्यात? पण त्याला नाही कळणार तर कुणाला! नंतर मात्र मन खायला लागलं. दारुड्याला बाटली हुंगायला द्यावी तसं केलं मी. साबणानं हात धुवायला लावले. "अगं, वासानं कोणी मरत नाही," म्हणाला आणि हसला.

८ मार्च
सही केली. पाइपची. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "सुटलीस बाई एकदाची." सुटले कुठे? जीव थाऱ्यावर नाही. घरी येऊन उगाच कपाट आवरलं.

११ मार्च, सोमवार
नवऱ्याला तपासणीला न्यायचं होतं. त्याच्या ऑफिसखाली थांबले होते. कोपऱ्यावरच्या ओळखीच्या पानवाल्याकडे तेच पाकीट दिसलं, राहवेना. विचारलं, लोक पाइपही नेतात का सोबत? तो म्हणाला, "पाइप कोण ओढतंय वहिनी! कागद नेतात. तुमच्या साहेबांना विचारा की, तेही हीच वळून ओढतात. स्वस्त पडते ना. दोन महिने झाले."

म्हणजे हुंगायच्या आधीच त्याला सगळं ठाऊक होतं.

तो जिना उतरून आला. "चल, डॉक्टर वाट बघत असतील."

म्हटलं, "बघू देत. आधी माझ्या ऑफिसात चल. साक्ष द्यायची आहे तुला, गिऱ्हाईक म्हणून."