कोऱ्या पुठ्ठ्यांची पाकिटं

दि. १७ नोव्हेंबर
मंगळवार, दुपारचे तीन

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. पन्नाशीला टेकलास तरी मायन्यात मी ठोंब्याच लिहिणार, कारण तुझ्यात काडीचा फरक पडलेला नाही. इकडे आम्ही दोघं, म्हणजे मी आणि बाबा, ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालते. कळवायची पद्धत तू बंद केलीस, तर आम्ही तरी काय करणार?

तुझं पाकीट गेल्या बुधवारी मिळालं. नेहमीप्रमाणे तिकीट सरळ, शिक्का गोल, आत पुठ्ठा. पुठ्ठा कोरा.

बाबांच्या जर्मन तिकिटांच्या आणि पाकिटांच्या संग्रहाने आता माझी खोलीही घेतली, हे तुला माहीत नसेल. अकरा आल्बम कपाटात होते तोवर मी काही बोलले नाही. पण सुट्टी पाकिटं माझ्या पलंगावर, पलंगाखाली आणि शिवणयंत्राच्या झाकणावर आहेत. पंखा लावायचा नाही, पाकिटं उडतात. खिडकी उघडायची नाही, दमट हवा येते. परवा कणीक मळायला परात घेतली तर तिच्यात पाण्यावर सहा तिकिटं तरंगत होती. मी ओरडले. बाबा शांतपणे म्हणाले, "डिंक सुटायला अजून दहा मिनिटं लागतील." त्या दिवशी आम्ही बाहेरून आणून जेवलो.

बाबा छापखान्यात असताना तिथल्या जर्मन यंत्राचे सुटे भाग यायचे, त्यांच्यासोबतच्या पत्रांची पाकिटं ते मॅनेजरच्या टोपलीतून उचलून आणायचे, तिथून हे सगळं सुरू झालं. आई म्हणायची, एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर. पुढे तू कामाला त्याच देशात गेलास, तेव्हा त्यांना मुलगा परदेशी गेल्याचं दुःख जास्त झालं की पाकिटांची सोय झाल्याचा आनंद, हे मला आजही सांगता येणार नाही.

आणि हो, एक गोष्ट तुला माहीत हवी. तुझा उजवा गुडघा तीन वर्षांपासून दुखतोय. तुझ्या घरमालकिणीकडे एक तपकिरी कुत्रा आहे, तो तुझ्या जिन्यात झोपतो. गेल्या हिवाळ्यात तू नवीन कोट घेतलास आणि तो दंडात घट्ट झाला. कोणी विचारलं तर हो म्हण.

आता दचकू नकोस, नीट सांगते. फोनवर सांगितलं असतं, पण बाबांचं नाव निघालं की तू "ठेवतो गं ताई" म्हणतोस.

नऊ वर्षांपूर्वी तुझी बायको मुलीला घेऊन निघून गेली तेव्हा तू बाबांना चार पानी पत्र लिहिलं होतंस. मला नाही, त्यांना. आणि बाबांनी तुला काय उत्तर पाठवलं ते तूच मला रडत फोनवर वाचून दाखवलंस: तिकीट तिरकं लागलं आहे, यंत्राच्या शिक्क्याने गावाचं नाव पुसलं आहे, पुढच्या वेळी पेटीत टाकू नये, पोस्टाच्या खिडकीवर द्यावं आणि हाताने शिक्का मारून घ्यावा, आत पुठ्ठा घालावा म्हणजे शिक्का स्वच्छ उमटतो. संपलं. कुशल मजकूरसुद्धा नाही. मी त्या दिवशी बाबांशी भांडले, आठवडाभर बोलले नाही. तू तेव्हापासून पुठ्ठा घालतोस आणि दुसरं काही घालत नाहीस. तुझा राग मला पटतो. मी तुझ्या जागी असते तर पाकीटही पाठवलं नसतं.

पण तू पाठवतोस. दर महिन्याला. बाबांचे ते जाड भिंगाचे, तिकिटं जमवणारे मित्र गेल्या रविवारी आले होते. तुझी पाकिटं बघून मला म्हणाले, "ताई, हे काम सोपं नाही हो. आता तिकडे सगळी पत्रं मोठ्या केंद्रात जातात, यंत्र शिक्का मारतं. गावाच्या नावाचा शिक्का हवा तर खिडकीवर रांग लावून मागून घ्यावा लागतो. तुमचा भाऊ दर वेळी वेगळ्या गावात उतरून हे करतो."

म्हणजे लिफ्ट दुरुस्त करायला ज्या ज्या गावी जातोस, तिथलं पोस्ट शोधतोस, रांगेत उभा राहतोस, "जरा नीट मारा" म्हणतोस, आणि हे सगळं कशासाठी, तर आत काही लिहिलेलं नाही हे बाबांना कळावं म्हणून! अरे, रागावलेला माणूस असा रांगा लावतो का? तुम्ही बापलेक दोघंही एका माळेचे मणी आहात आणि मध्ये माझं भरीत होतंय.

पहिली सहा वर्षं बाबा तुझं पाकीट स्वतः उघडायचे. पुठ्ठा काढायचे, एका बाजूने बघायचे, उलटून दुसऱ्या बाजूने बघायचे, मग पुन्हा पहिल्या बाजूने. मग पाकिटाची नोंद करायचे. मी भाजी निवडत बघत असायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डोळ्यांचा पडदा गेला. आता त्यांना कडेचं थोडं दिसतं, समोरचं काही नाही. त्यानंतर आलेलं तुझं पहिलं पाकीट त्यांनी माझ्याकडे दिलं. आधी शिक्क्याची उलटतपासणी झाली. गोल पूर्ण आहे का, गाव वाचता येतं का, तारखेपुढे वेळ दिली आहे का. मी सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "आज काही लिहिलंय का गं?"

मी हो म्हणाले.

दवाखान्याच्या काउंटरवर बसून "डॉक्टर येतीलच एवढ्यात" हे मी दिवसातून चाळीस वेळा म्हणते, त्यामुळे थापेचा सराव आहे. पण ही थाप मी ठरवून मारली नाही. तोंडातून गेली. मग दवाखान्याचा एक कागद फडफडवला आणि वाचला. तुझा गुडघा त्या दिवशी दुखायला लागला. दर महिन्याला नवीन काय आणायचं? कुत्रा आणला. आता ते कुत्र्याची चौकशी करतात.

गेल्या बुधवारी मी वैतागलेली होते. दवाखान्यात एका बाईने माझ्या अंगावर फाइल फेकली होती, घरी आले तर पलंगावर बसायला जागा नाही, आणि बाबा तुझं पाकीट धरून दारातच उभे. मी कागद उघडला आणि वाचलं, "बाबा, माझ्या मनात आता राग उरलेला नाही."

का वाचलं, माहीत नाही. मलाच हे सगळं संपवायचं होतं बहुतेक. तुमच्या दोघांच्या वतीने मीच मिटवून टाकलं.

बाबा पाकीट घेऊन आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "कागद घे. उत्तर द्यायचंय." आणि त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. शब्दाचा फरक केलेला नाही:

"तुझं चार पानांचं पत्र मी आठ वेळा वाचलं होतं. काय लिहावं ते सुचेना. तिकिटाबद्दल सुचलं, म्हणून ते लिहिलं. पेटीत टाकून घरी येईपर्यंत कळलं की चुकलं. दुसरं पत्र लिहायला हवं होतं. लाज वाटली. मग तुझे कोरे पुठ्ठे यायला लागले आणि वाटलं, बरोबर आहे त्याचं. तू राग गेल्याचं लिहिलंस, फार बरं वाटलं. मुलगी भेटते का तुला? तिच्याबद्दल लिही."

सही स्वतः करणार म्हणाले. अर्धी कागदावर आली, अर्धी टेबलावर गेली. तो कागद सोबत जोडला आहे.

आता माझी अडचण लक्षात येते का? हे उत्तर तू कधीच न लिहिलेल्या पत्राला आहे. नऊ वर्षांनी त्या माणसाने तोंड उघडलं, तेही माझ्या थापेवर. मी नुसतं हेच पाठवलं असतं आणि गप्प बसले असते तर तुला वाटलं असतं म्हातारा भ्रमिष्ट झाला. तसं वाटून घेऊ नकोस. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा ठीक आहे. आणि मी केलं त्याची मला तुझ्यासमोर लाज वाटते. तुझा राग परस्पर मिटवून टाकायचा मला हक्क नव्हता. माझ्यावर चिडायचं तर चीड, फोन आपट, सगळं कर.

पण ते आता रोज दुपारी दारात खुर्ची टाकून बसतात. पोस्टमनला काल विचारलं, तिकडून पत्र यायला हल्ली किती दिवस लागतात. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत रे.

राग गेला नसेल तर गेला नाही असं लिही. शिव्या घाल, मी एकही गाळणार नाही. दोन ओळी लिही, नाहीतर तुझ्या मुलीचं नाव लिहून "भेटते" एवढंच लिही. गुडघ्याबद्दल मात्र एक अक्षर नको.

तुझं पुढचं पाकीट मी त्यांच्यासमोर उघडणार आणि आत जे असेल तेच वाचणार. काही नसेल तर तेही त्यांना तसंच सांगणार.

तुझ्या नावाने बोलून थकलेली,
ताई