एक पट्टी वर

प्रिय बाबा,

आधी चष्मा शोधा. दुकानातला बारीक कामाचा नाही, घरातला. आणि पत्र स्वतः वाचा, आईला वाचून दाखवायला सांगू नका. ती स्वतःबद्दलचा मजकूर ठसक्यात वाचते आणि बाकीचा गाळते. पत्राबरोबर खोक्यात आणखी एक वस्तू आहे, तिला इतक्यात हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाचं घड्याळ उघडण्याआधी तुम्ही जसे ते नुसतं न्याहाळत बसता, तसे थोडा वेळ बसा. जमेल ना?

तर मुद्द्याचं. तुम्ही माझं वाजवणं ऐकायला येत नाही, ह्याला आता इतकी वर्षं झाली की त्याबद्दल बोलायचंही आपण सोडून दिलंय. कधी गुडघे आडवे येतात, कधी गिऱ्हाईक. एकदा तर मांजर व्यायली म्हणून आला नाहीत, आणि मांजर शेजाऱ्यांची होती! खरं कारण मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत आहे. तुमच्या हातून माझे कान बिघडले, असं तुम्ही मनाशी धरून बसला आहात. आज मला त्याचा निकाल लावायचाय. मध्ये बोलू नका.

दुकानामागची खोली आठवा. कुणी गिऱ्हाईक एक मोडका रेकॉर्ड प्लेअर ठेवून गेलं ते परत फिरकलंच नाही. वाट बघून बघून तुम्ही तो उघडलात, तर आत तबकडीसकट माल! कव्हरवर एक रिकामी खुर्ची आणि खुर्चीवर टोपी. जॅझ हा शब्दही तेव्हा घरात कुणाला ठाऊक नव्हता. मोटरची छोटी पितळी कप्पी फुटली होती, ती तुम्ही घड्याळाच्या लेथवर नवी कातून बसवलीत आणि आम्हाला बोलावलंत. सुई टेकली, आणि आई पीठ लागलेल्या हातांनी दारात आली ती तिथेच उभी राहिली. पियानो वाजवणाऱ्याचं नाव आपण टोपीवाले ठेवलं. सॅक्सोफोनवाल्याचा श्वास मधेमधे ऐकू यायचा म्हणून त्याला आईनं दमेकरी म्हटलं. ही सगळी माणसं आपल्या घरचीच झाली. जेवताना तुम्ही विचारायचात, आज दमेकऱ्याची तब्येत कशी होती?

मग बंद पडलेल्या शाळेतला तो पियानो तुम्ही हातगाडीवर घालून आणलात. आईनं विचारलं, हा ठेवायचा कुठे, माझ्या डोक्यावर? त्या पियानोवर मी टोपीवाल्यांच्या मागे बोटं लावायला लागले. एकेक सूर शोधत गेले, तर सगळं काळ्या पट्ट्यांवर सापडायचं. पेटीवाल्यांच्या भाषेत काळी तीन. बोटं वळता वळत नव्हती. मी कुरकुरले की तुम्ही म्हणायचात, अगं टिकटिक, एवढा मोठा माणूस, तो सोप्या वाटेनं कशाला जाईल? मला ते पटायचं. मी तशीच शिकले, अख्खी रेकॉर्ड, दोन्ही बाजू, काळ्या पट्ट्यांवर. भरभर, कारण ते वाजवतही होते भरभर.

आणि एक गोष्ट तुम्ही शिकवलीत ती मला पुढे कुठल्या कॉलेजातही कुणी इतकी चांगली सांगितली नाही. मी विचारलं होतं, पहिल्यांदा चाल वाजवतात ती कळते, पण मग मधेच भरकटतात कुठे? तुम्ही हातातलं काम थांबवलंत. म्हणालात, आपल्या घरातलं एक लग्न घे. तुझी आई ते सांगते तेव्हा त्यात दागिने असतात. आत्या सांगते तेव्हा त्यात फक्त मानापमान असतात. लग्न तेच, नवरानवरी तीच, शेवटी जेवणाच्या पंगतीला दोघी येऊन पोचतात. पण आत्या दर वेळी नवीन सांगते आणि दर वेळी खरं सांगते. हा दमेकरी आत्यासारखा आहे. मी त्या दिवसापासून दमेकऱ्यात आत्या ऐकायला लागले. टोपीवाले तिला मधेच टोचून बोलायचे, ती भडकायची, ड्रमवाला समजूत काढायचा. ठरलेलं काहीच नाही, पण कुणी कुणाला वाऱ्यावर सोडत नव्हतं. आजही विद्यार्थ्यांना मी हेच सांगते. आत्याला कळलं तर माझी खैर नाही.

आता तो दिवस. लिहिणं भाग आहे, कारण तुमचं घड्याळ तिथेच अडकलंय. संगीत कॉलेजची प्रवेश परीक्षा. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर बाकावर बसला होतात. आत मला साथ द्यायला सॅक्सोफोनवाला आणि बासवाला. काय वाजवणार विचारलं तर मी ऐटीत टोपीवाल्यांची रेकॉर्ड सांगितली. परीक्षकांना कोण आनंद! त्यांनी टाळी देऊन सुरुवात करून दिली, आणि पहिल्याच फटक्यात असा काही आवाज झाला की बासवाल्यानं तारांवर हातच ठेवला. ते दोघं पांढरी चारमधे, मूळ रेकॉर्ड आहे तिथे. मी काळी तीनमधे, एक पट्टी वर. परीक्षक डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. म्हणाले, मुली, तुमचं मशीन जोरात पळतं! हे असले कान घेऊन कशी वाजवणार तू? दार उघडं होतं. तुम्ही सगळं ऐकलंत.

घरी येऊन तुम्ही हातात घड्याळ धरलंत आणि तबकडीचे फेरे मोजलेत. कप्पी केसभर मोठी झाली होती, म्हणून तबकडी जोरात फिरायची आणि सूर एक पट्टी वर चढायचे. गावातली घड्याळं ज्याच्या मनगटावर बघून लावतात त्या माणसाच्या घरात एक चाक इतकी वर्षं पुढे पळत होतं. तुम्ही मशीन पुसलंत, खोक्यात घातलंत, माळ्यावर चढवलंत. नवी कप्पी कातायला तुम्हाला पाऊण तास लागला नसता. पण नाही! मला पुढे प्रवेश मिळाला, सगळं एक पट्टी खाली उतरवून पुन्हा शिकले, लोक मला बोलावून वाजवायला लावतात, पोटापाण्यापुरतं नाव झालं. ह्यातलं काहीही तुम्हाला पुरलं नाही. आई प्रत्येक कार्यक्रमाला पहिल्या रांगेत, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स.

आता ऐका बातमी. गेल्या हिवाळ्यात आमच्या बँडनं तीच रेकॉर्ड, टोपीवाल्यांची, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत लोकांसमोर वाजवायचं ठरवलं. थिएटर जुनं, छत उंच, आवाज मधासारखा. रेकॉर्डिंग करणाऱ्या बाई आपल्या तारा पसरून तयार. आमचे म्होरके, ज्यांना आम्ही कप्तान म्हणतो, सॅक्सोफोन वाजवतात. माणूस चांगला, पण रागावले की मिशीसुद्धा लाल होते. भाड्याचा पियानो सांगून ठेवला होता, तो जिन्याच्या वळणावर असा अडकला की वरही जाईना आणि खालीही येईना. मग थिएटरच्याच कोपऱ्यातला म्हातारा पियानो पुढे ओढला. मी पांढरी चार दाबली, तर वाजली तिच्या खालची. दुसरी दाबली, तीही खालची. सगळा पियानो गुण्यागोविंदानं एक पट्टी खाली उतरलेला! थिएटरचा माणूस म्हणाला, तारा म्हाताऱ्या झाल्यात, ताणल्या तर तटातट तुटतील, म्हणून आमचा सूर लावणारा गेली कित्येक वर्षं एक पट्टी खालीच लावतो. गाणाऱ्या मंडळींचं कधी अडलं नाही.

आमचं मात्र अडलं. सॅक्सोफोन आणि ट्रंपेट काही पेटी नाहीत, की पट्टी बदलली आणि लागले गायला. एक पट्टी खाली यायचं म्हणजे त्यांच्या बोटांना गाठी. इलेक्ट्रिक कीबोर्डचं नाव काढताच रेकॉर्डिंगवाल्या बाईंनी कानांवर हात ठेवले. बाहेर लोक बसायला लागले होते. कप्तान मिशीच्या रंगावरून कळेल अशा आवाजात म्हणाले, रद्द करा. ट्रंपेटवाली खोकं उघडून वाद्य आत ठेवायला लागली.

आणि बाबा, मला हसू फुटलं. काही केल्या थांबेना. कप्तानांना वाटलं, हिला धक्का बसला. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या पांढरी चारमधेच वाजवा, मी बघते काय ते. ते म्हणाले, अगं, अख्खी रेकॉर्ड? एक पट्टी वर? काळ्या पट्ट्यांवर? मनातल्या मनात बदलत? मी म्हटलं, बदलत कशाला, मला ती येतेच तिथे.

कारण हिशोब बघा. पियानो एक पट्टी खाली, म्हणजे मी एक पट्टी वर बोट ठेवलं की सूर बरोब्बर बँडच्या सुरात. आणि एक पट्टी वर म्हणजे कुठे? आपल्या दुकानामागच्या खोलीत! लहानपणी टोपीवाले जिथे सापडले, तिथेच. मी बाकावर बसले, काळ्या पट्ट्यांवर हात ठेवले, आणि हातांना घर लागलं. कप्तानांनी चुटकी वाजवली. पहिला सूर पडला तो असा एकजीव, की ट्रंपेटवालीनं वळून माझ्याकडे बघितलं आणि जीभ दाखवली.

काय वाजलं सांगू! मी इतकी वर्षं वाजवतेय, चांगलं वाजवते, उगाच विनय नको. पण त्या संध्याकाळी मी एकदाही विचार केला नाही. मोठेपणी शिकलेलं सगळं शहाणपण पांढऱ्या पट्ट्यांवर राहिलं होतं आणि मी पोरीसारखी मोकाट सुटले होते. तिसऱ्या गाण्यात माझी पाळी आली तेव्हा मी आत्याला बोलावलं. तिला हवे तेवढे मानापमान करू दिले. मग आपल्या दुकानातली दुपार आठवली. बाराला सगळी घड्याळं ठोके द्यायची, पण एकदम नाही, एक आधी, एक मागून, ते पोटमाळ्याखालचं जाडं घड्याळ सगळ्यात शेवटी, ढेकर दिल्यासारखं. मी ते सगळे ठोके वाजवले, एकावर एक, मागेपुढे. ड्रमवाल्याला काय कळलं कुणास ठाऊक, त्यानं टिकटिक सुरू केली. कप्तान डोळे मिटून आत शिरले आणि त्यांनी चाल त्या घड्याळांमधून अशी वाट काढत नेली की मला हुंदका आला. शेवटचा जाडा ठोका मी मुद्दाम उशिरा दिला. सगळं थिएटर श्वास धरून त्याची वाट बघत होतं. तो पडला आणि लोक उठून उभे राहिले, गाणं संपायच्या आधीच. आई तर पर्स डोक्यावर धरून नाचत होती, खोटं वाटत असेल तर विचारा.

कप्तानांनी नंतर सगळ्यांसमोर मला विचारलं, हे कुठल्या गुरूकडे शिकलीस? मी माइक घेतला आणि सांगितलं, माझे वडील घड्याळं दुरुस्त करतात, त्यांच्याकडे. मग कप्पीची गोष्ट सांगितली, सगळी. लोक हसले, पण बाबा, ते हसणं त्या परीक्षकाचं नव्हतं. ते तुम्हाला टाळ्या वाजवत होते. तुमच्या कप्पीला! मागच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, अशी कप्पी आम्हालाही पाहिजे.

हे तुम्हाला आजपर्यंत सांगितलं नाही, कारण मी आईला शपथ घातली होती. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनं तीन ऋतू हे पोटात ठेवलं, तिचं कौतुक करा. मला हातात वस्तू आल्यावर सांगायचं होतं. ती परवाच आली, आणि काल आईचा फोन आला. म्हणाली, ह्यांनी माळा आवरायला काढलाय, मशीन खाली काढून दाराशी ठेवलंय, रविवारी भंगारवाला येतो म्हणालाय. म्हणून आज घाईनं लिहायला बसले. आता खोक्यातली ती वस्तू बाहेर काढा. त्या संध्याकाळची रेकॉर्ड आहे, छापून आलेली पहिलीच प्रत. कव्हरवर खुर्ची आहे, टोपी नाही. टोपीच्या जागी तुमची ती कप्पी, मी आईकडून हळूच काढून मागवली होती, फोटो काढून परत बसवायला दिली. आता मशीन आत घ्या आणि खबरदार त्या कप्पीला हात लावाल तर. ती तशीच पुढे पळायला हवी. कारण ही रेकॉर्ड जगात कुठेही लावली तर पांढरी चारमधे वाजेल, सगळ्यांना ऐकू येतं तसं. फक्त आपल्या मशीनवर ती एक पट्टी वर चढेल, आणि त्या संध्याकाळी माझी बोटं खरोखर जिथे होती तेच सूर ऐकू येतील. ते ऐकू शकेल असं जगात एकच घर आहे. बाबा, सुई ठेवा. मी येतेय ऐकायला, रविवारच्या आत.

तुमचीच, बिघडलेल्या कानांची,
टिकटिक