नेट नसलेला रिचार्ज

३ नोव्हेंबर, सोमवार

मेसेज आला — रिचार्ज संपायला नऊ दिवस. दोन वर्षं झाली, मोनालीच पुण्याहून भरते. रोज दोन जीबी नेट. त्यातलं मी वापरते चिमूटभर. सकाळी चार बायांना नमस्कार, संध्याकाळी मोनालीचा व्हिडिओ कॉल. संपलं.

पोरीशी बोलायचं, तेही पोरीच्याच पैशानं. मला पेन्शन आहे ना! यंदा मीच भरणार. आणि स्वस्तातला भरणार.

५ नोव्हेंबर

मनीषनगरला सुमंतच्या दुकानात गेले. म्हटलं, फक्त बोलायचा दे बाबा, नेट नको. त्यानं मोबाइलवर वर-खाली केलं. "काकू, तो जुन्या कस्टमरले नाही भेटत. नंबर दुसऱ्या कंपनीत टाका, मंग भेटते."

काहून? अकरा वर्षं एकाच कंपनीत आहे मी. जुनी झाले म्हणून महाग? काही न भरता हुडकेश्वरला घरी परत आले.

६ नोव्हेंबर

कंपनीलाच फोन लावला. बावीस मिनिटं एकच गाणं ऐकलं. मग एक मुलगी आली, सोनिका नावाची. "मॅडम, जुन्या ग्राहकांसाठीपण आहे. यादीत सगळ्यात खाली बघायला सांगा." चौऱ्याऐंशी दिवस, बोलणं हवं तेवढं, नेट अजिबात नाही. आताचा संपला की चालू होईल. नंबर बदलायचं कामच नाही.

दोनदा विचारलं. दोन्ही वेळा न चिडता सांगितलं तिनं.

८ नोव्हेंबर

मोनालीला व्हिडिओवर सांगितलं. आधी हसली, मग चेहरा उतरला.

"पैशाचं काहून मनावर घेतं आई? मी भरून राहिली ना."

म्हटलं, पैशाचं नाही, मला माझं भरायचं आहे. त्यावर म्हणाली, "तू सकाळी ऑनलाइन दिसली का मले समजते, आई उठली. मंगच मी चहा ठेवते."

हे मला ठाऊकच नव्हतं. बरंही वाटलं, वाईटही.

"मंग फोन कर वं. रोज सकाळी. मी उचलीन."

"बरं," म्हणाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सुमंतकडूनच भरला. यादीच्या तळाशी होताच. "मले खरंच नव्हतं माहीत, काकू." नसेलही. जवळपास निम्म्यात काम झालं.

संध्याकाळी सवयीनं मोबाइल समोर उभा करून बसले. मग आठवलं. टीव्ही लावला.

१३ नोव्हेंबर

सात वाजता फोन. "उठली?" "उठली." दीड मिनिट.

१७ नोव्हेंबर

आज वीस मिनिटं बोललो. व्हिडिओवर ती भाजी दाखवायची, नवा कुर्ता दाखवायची, वेळ निघून जायचा. नुसत्या फोनवर दाखवायला काही नाही, म्हणून बोलते. पाठ दुखते म्हणाली. ऑफिसात नवा साहेब आला आहे, तो कोणाचं ऐकून घेत नाही.

जावयांचं विचारलं. "धम्मानंद ऑफिसले गेला." सकाळी सातला?

२० नोव्हेंबर

आज राहवलं नाही.

"मोनाली, तुझा आवाज काहून घुमून राहिला?"

तीन दिवसांपासून घुमतो आहे. आमच्या दवाखान्याची नवी इमारत झाली तेव्हा खाटा यायच्या आधी आम्हा नर्सांचे आवाज असेच घुमायचे. रिकाम्या खोलीचा आवाज मला कळतो.

मी फोन ठेवला नाही. तिच्या खिडकीखालून कोणाची तरी गाडी गेलेली ऐकू आली.

"घर सोडून गेला तो, आई. दिवाळीच्या आधीच. रविवारी येऊन सामान घेऊन गेला."

"भांडण झालं?"

"नाही वं. दोघांनी ठरवलं. शांतपणे."

म्हणजे महिनाभर ती रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून हसत होती. मी तिचा कुर्ता पाहत होते, रंग छान आहे म्हणत होते.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू पाहत असली का मले तोंड नाही उघडता येत. आता दिसत नाही तर आलं सांगता."

जेवलीस का विचारलं. गॅस आहे, कुकर आहे, चटई आहे म्हणाली.

२१ नोव्हेंबर

इकडे ये म्हटलं. "सुट्टी नाही, आई." नंतर म्हणाली, सुट्टी असती तरी आली नसती. शेजारणींना काय सांगायचं याची तयारी नाही अजून.

जबरदस्ती केली नाही. दुपारी गॅसचं बटण बंद केलं, कुंड्या शेजारी रुखमाबाईंकडे ठेवल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार. पुणे

मोनालीनं दार उघडलं, मला पाहिलं, आणि माझ्या हातातली बॅग घेऊन आत गेली. किती दिवस राहणार, तिनं विचारलं नाही. परतीचं तिकीट मी काढलेलं नाही.