कंपासपेटीची ओळख

२ मार्च, सकाळी ७
रोजनिशी पुन्हा सुरू. मागची चार जानेवारीला बंद पडली. थंडी होती.
यंदा संकल्प एकच. मुलीला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चिकटवायचं. लॅबचा कोर्स फर्स्ट क्लासमध्ये झालाय, दीड वर्ष घरी बसून आहे. गावात लॅब नाही. शहरात आहेत, पण तिथे ओळख लागते. ती माझ्याकडे आहे. हॉस्पिटलचे मुख्य साहेब माझे वर्गमित्र. दहावीला भूमितीच्या पेपरला त्यांनी कंपासपेटी आणली नव्हती, मी माझी दिली. तेव्हा त्यांना आम्ही शेंबड्या म्हणायचो. (वही खासगी आहे म्हणून लिहितो.)

३ मार्च
पाण्याच्या टाकीवर चढून वर्गाच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकला. एकेचाळीस पायऱ्या. गावात रेंज फक्त वरच. ग्रुपमध्ये आम्ही अडतीस जण. रोज न चुकता टाकतो, संबंध टिकवावे लागतात. बायको म्हणते, टाकीवर जाताच आहात तर वाळवण तरी घालून या.

५ मार्च
दवाखान्यातल्या सिस्टर घरी आल्या. हॉस्पिटलात लॅबच्या दोन जागा निघाल्यात. दोन बस बदलून स्वतः फॉर्म घेऊन आल्या. शेवटची तारीख वीस. म्हणाल्या, उद्याच पोस्टात टाका, माझी तिथे कुणाशी ओळख नाही, पण पोरीचे मार्क चांगले आहेत.
भाबड्या आहेत. मार्कांवर नोकऱ्या लागत असत्या तर काय हवं होतं. फॉर्म ताब्यात घेतला. पोस्टानं गेलेला फॉर्म ढिगात पडतो. हा थेट साहेबांच्या हातात जाईल.
मुलगी म्हणाली, बाबा, दोन्हीकडून पाठवू या. मी समजावलं की पोस्टानंही पाठवला तर आपला साहेबांवर भरवसा नाही असं होईल. ती उठून आत गेली. पटलं असावं.

६ मार्च
माझी ओळखींची वही काढली. सहाशे अकरा नावं, शाळेत क्लार्कच्या टेबलावर बसून सव्वीस वर्षांत जमवलेली. तीन वर्ग पाडलेत. अ म्हणजे शब्द टाकला की काम. अ मध्ये नऊ जण, साहेब पहिले. सिस्टर वहीत नाहीत. त्यांच्याकडे टाकण्यासारखा शब्द नाही.

९ मार्च
साहेबांना मेसेज पाठवला. सुरुवात 'आदरणीय साहेब' अशी केली, शेवटी कंपासपेटीचा हलकासा उल्लेख. चार वेळा खोडून लिहिला. टाकीवर ऊन फार.

१२ मार्च
निळ्या खुणा आल्या. वाचला.

१३ मार्च
उत्तर आलं. अंगठा.
मोठी माणसं लांबण लावत नाहीत. घरी सांगितलं, काम झाल्यात जमा. बायकोनं विचारलं, अंगठा म्हणजे काय? मी म्हटलं, होकार. ती म्हणाली, कशाला? अडाणी प्रश्न.
साहेबांचा फोन आला तर स्पीकरवर घ्यायचा ठरवलंय. टाकीखाली लोक बसलेले असतात, त्यांनाही कळू दे आपण कुणाशी बोलतो.

१७ मार्च
फोन नाही. सिस्टर रस्त्यात भेटल्या, फॉर्म टाकला ना विचारलं. मी म्हटलं, योग्य मार्गावर आहे. ड्रॉवरमध्ये आहे. पण योग्य मार्गावरच.

१९ मार्च
मुलगी म्हणाली, उद्या शेवटचा दिवस, सकाळच्या बसनं मी स्वतः जाऊन देऊन येते. मी रागावलो. माझी सगळी शोभा करशील म्हटलं. साहेबांचा माणूस मागच्या दारानं जात असताना तिनं खिडकीवर रांगेत उभं राहायचं? ड्रॉवरला कुलूप लावलं. ती जेवली नाही. तरुण वय आहे.

२१ मार्च
तारीख गेली. काळजी नाही. तारखा ओळख नसलेल्यांसाठी असतात.

२६ मार्च
रजा टाकून फॉर्म घेऊन शहरात गेलो. साडेपाच तास बस. साहेबांच्या केबिनबाहेर बाक आहे. शिपायानं विचारलं, कोण आलंय म्हणून सांगू? मी म्हटलं, कंपासपेटी म्हणा, ओळखतील. त्यानं सांगितलंच नाही बहुतेक.
तीन तासांनी केबिनमधून आमच्याच वर्गातला घोड्या बाहेर आला. आता कापडाची तीन दुकानं आहेत. मला पाहून मिठी मारली. त्याच्या भाचीचा इंटरव्ह्यू होता म्हणे, त्याच जागेचा. मी विचारलं, तुला जागांचं कसं कळलं? म्हणाला, ग्रुपवर फेब्रुवारीतच आलं होतं की. मी फोन उघडून दाखवला, ग्रुपवर काही नव्हतं. तो जरा ओशाळला. म्हणाला, अरे हा नाही, दुसरा. आम्ही शहरातले बारा जण आहोत त्यात, रविवारी भेटतो ना, म्हणून. मोठा ग्रुप सगळ्यांनी म्यूट केलाय, कुणीतरी येडं रोज सकाळी गुड मॉर्निंग टाकतं.
मी म्हटलं, असतात अशी माणसं.
भाचीचा फॉर्म साहेबांच्या हातात दिलास का, हेही विचारलं. तो हसला. छे, फॉर्म पोस्टानंच, वेळेत. काय विचारणार, काय वाचून जायचं, तेवढं रविवारी बोलता येतं.
साहेब मीटिंगला निघून गेले. मागच्या दारानं. शिपायानं फॉर्मवरची तारीख बघितली आणि परत दिला.

२७ मार्च
घरी सांगितलं, साहेबांच्या कानावर घातलंय. बाराजणांच्या ग्रुपचं बोललो नाही. तसं बघितलं तर आपणही त्यात असतो, फक्त राहायला इथे आहोत. साडेपाच तास आडवे येतात.

४ एप्रिल
निकाल लागला. सिस्टर सांगायला आल्या. एक जागा घोड्याच्या भाचीला. ठीक, अपेक्षितच. जगाची रीत.
दुसरी कुणा मेंढपाळाच्या मुलीला. आमच्याहून लांबचं गाव. ओळख ना पाळख. पोस्टानं फॉर्म टाकला होता, मार्कांवर घेतली. तिचे मार्क आमच्या मुलीपेक्षा सात कमी.
सिस्टरनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेल्या. आज लिहवत नाही.

५ एप्रिल
वही काढली. अ वर्गातल्या उरलेल्या आठांना फोन करायचे होते. दोघे वारलेत. एकाचा नंबर माझाच जुना निघाला.

११ एप्रिल, सकाळी
लिहायचं नव्हतं. लिहितो.
गुड मॉर्निंग टाकायला टाकीवर चढलो. मुलगी मागोमाग आली. सिस्टरनी तिला दुसऱ्या एका लॅबचा नंबर दिलाय, तिथे फोन करायचा होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब. स्वतः. ठरल्याप्रमाणे स्पीकरवर घेतला.
साहेबांनी विचारलं, तुम्ही ते गावच्या शाळेतले क्लार्क ना? वर्गमित्राला 'तुम्ही' म्हणाले. त्यांच्या आईचं हाड मोडलंय, चोवीस तास घरी राहायला मुलगी हवी. तुमच्याकडच्या मुली कष्टाळू असतात म्हणाले. फार शिकलेली नको, टिकत नाही.
मी म्हटलं, हो साहेब. बघतो साहेब. माझ्या ओळखी पुष्कळ आहेत साहेब. त्यांनी फोन ठेवला. एक मिनिट बावन्न सेकंद. कंपासपेटीचा विषय निघाला नाही. मुलीचाही नाही. महिनाभर जे वाक्य पाठ केलं होतं ते तोंडातच राहिलं, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली की साहेब चिडतील.
मुलगी वरच्या पायरीवर बसली होती. विचारलं, माझं बोललात? मी म्हटलं, बोललो, बघतो म्हणाले. ती म्हणाली, बाबा, फोन स्पीकरवर होता.
रडली नाही, रडली असती तर बरं झालं असतं. माझ्या हातातला फोन घेतला आणि सिस्टरनी दिलेला नंबर लावला. आपलं शिक्षण सांगितलं, मार्क सांगितले. स्पीकर अजून चालूच होता. पलीकडच्या बाईंनी विचारलं, कुणाच्या ओळखीनं फोन केलात?
ती म्हणाली, कुणाच्याच नाही.
मी शेजारीच उभा होतो.